उत्तर पाठ आहे, पण प्रश्न तोच आहे का?

आमच्या हॉस्टेलवर सध्या एक सल्ला फुकटात मिळतो. कुणाचे वेबपेज रखडत उघडतेय, कुणाचा मिनी प्रोजेक्ट डेमोच्या आदल्या रात्री गोगलगाय झालाय, की लगेच शेजारच्या खोलीतून आवाज येतो, ‘‘मेमोइझ कर की लेका! दोन मिनिटांचं काम.’’ डोके दुखले की बाम, तसा कोड अडखळला की मेमोइझेशन! मीही हा सल्ला वाटत फिरणाऱ्यांपैकीच. गेल्या पावसाळ्यात मात्र याच दोन मिनिटांच्या कामाने मला चांगलाच धडा शिकवला. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. (कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, ओरलला उपयोगी पडेल!) एखादे फंक्शन असते. त्याला आर्ग्युमेंट द्यायचे, ते गणित करून उत्तर देते. गणित मोठे असेल तर वेळ लागतो. तेच आर्ग्युमेंट पुन्हा दिले तर ते बिचारे पुन्हा पहिल्यापासून गणित करते, कारण मघाशी काय उत्तर दिले ते त्याच्या लक्षात नसते. मेमोइझेशन म्हणजे या फंक्शनच्या शेजारी एक वही ठेवायची. उत्तर निघाले की लिहून ठेवायचे : अमुक आर्ग्युमेंट, तमुक उत्तर. पुढच्या वेळी आधी वही उघडायची. उत्तर असेल तर तेच द्यायचे, नसेल तरच गणिताला बसायचे. जावास्क्रिप्टमध्ये ही वही म्हणजे एक मॅप. फंक्शनच्या क्लोजरमध्ये तो ठेवला की बाहेरच्याला पत्तासुद्धा लागत नाही. पाच-सहा ओळी, काम फत्ते.

शब्द ऐकून वाटते की ‘मेमोरायझेशन’चे स्पेलिंग कुणीतरी चुकवले. तसे नाही. १९६८ साली एडिंबरोच्या डोनाल्ड मिची यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ‘मेमो फंक्शन’ची कल्पना मांडली. मेमो म्हणजे टिपण. आपल्या ऑफिसातून येतो तोच मेमो!

आता या टिपणाची ताकद बघा. आपल्या छंदशास्त्रात एक जुना प्रश्न आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल तर एक मात्रा कमी करून जेवढे प्रकार तेवढे. गुरू असेल तर दोन मात्रा कमी करून जेवढे तेवढे. दोन्हींची बेरीज करा, झाले. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ही रीत सांगितली होती. ज्या फिबोनाचीच्या नावाने आपण ही संख्यामाला ओळखतो त्याचे पुस्तक १२०२ सालचे.

हीच रीत जावास्क्रिप्टमध्ये सरळ रिकर्शनने लिहा आणि ४० मात्रांचे उत्तर मागा. उत्तर येते १६,५५,८०,१४१. पण तेवढ्यासाठी फंक्शन स्वतःला धरून एकूण ३३,११,६०,२८१ वेळा बोलावले जाते. तेहतीस कोटी! कारण ३८ मात्रांचे गणित ४० साठी एकदा आणि ३९ साठी पुन्हा एकदा होते, ३७ चे तीनदा, ३६ चे पाचदा, असे ते वाढतच जाते. वही ठेवली की हाच आकडा ७९ वर येतो. तेहतीस कोटींवरून एकोणऐंशी. हे पहिल्यांदा स्क्रीनवर बघितले तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचायचाच राहिलो होतो.

ब्राउझरमध्ये तर हा मोह आणखी मोठा. तिथे जावास्क्रिप्टचा मुख्य थ्रेड एकच. तो गणितात गुंतला की बटण दाबा, स्क्रोल करा, पेज ढिम्म! तेव्हा ‘मेमोइझ कर’ हा सल्ला चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे पुढे आहे.

कोल्हापुरात राहणाऱ्याला पावसाळ्यात एकच आकडा महत्त्वाचा असतो : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे दोन आकडे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, हे अजून कुणी विसरलेले नाही. हॉस्टेलवरची निम्मी पोरे आसपासच्या गावांतली. गावाकडे जायचे का, रस्ता चालू राहील का, घरी फोन करून काय सांगायचे, हे सगळे त्या आकड्यावर ठरते.

म्हणून आम्ही तिघांनी हॉस्टेलपुरते एक पेज केले. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून जाहीर होणारे आकडे आम्ही पाळीपाळीने हाताने भरायचो. पेज ताजी पातळी दाखवायचे, पाणी तासाला किती इंच चढतेय ते सांगायचे आणि आधीच्या चढांशी तुलना करून ३९ ला कधी पोचेल याचा अंदाज द्यायचे. बंधाऱ्याचे नाव आणि वेळ ही दोन आर्ग्युमेंट घेऊन एकच फंक्शन हे सगळे करायचे. तुलनेचे लूप आत आत गेलेले, त्यामुळे जुन्या मोबाईलवर चार-पाच सेकंद सगळे गोठायचे. मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘‘थांबा, मेमोइझ करतो.’’ केले. पेज पळायला लागले. पोरे म्हणाली, ‘‘नाद खुळा!’’ मी खूश.

आता गंमत ऐका. वहीत उत्तर कशाखाली लिहायचे, म्हणजे चावी काय धरायची, हे मी पहिल्या आर्ग्युमेंटवरून ठरवले होते. पहिले आर्ग्युमेंट बंधाऱ्याचे नाव. वेळ दुसरे. म्हणजे ‘राजाराम’ या चावीखाली पहिल्यांदा जे उत्तर लिहिले गेले, ते पेज उघडे असेपर्यंत तेच. पेज दर दहा मिनिटांनी स्वतःला नव्याने रंगवत होते. ‘शेवटचे अपडेट’ची वेळ थेट घड्याळातून येत असल्याने ती मात्र इमानदारीने बदलत होती! टेस्टिंगला मी प्रत्येक वेळी पेज रिफ्रेश करायचो. रिफ्रेश केले की मेमरीतली वही कोरी होते. त्यामुळे माझ्या हातात चूक कधी सापडलीच नाही.

माझा रूममेट प्रयाग चिखलीचा. पंचगंगेला पाणी आले की त्याच्या गावाला आधी झळ बसते. त्या दिवशी दुपारी तीनला त्याने पेज उघडले आणि तसेच ठेवले. पातळी ३७ फूट ८ इंच. रात्री दहाला पुन्हा बघितले : ३७ फूट ८ इंच, शेवटचे अपडेट दहा वाजता. त्याने घरी फोन लावला. ‘‘आबा, अजून इशारा पातळीबी गाठली न्हाई. म्हशी सकाळी हलवूया.’’

पलीकडून आबा म्हणाले, ‘‘तुमचा कंप्युटर काय म्हणतोय ते ऱ्हाऊ दे बाजूला. मी आत्ताच बघून आलोय. पाणी लई चढलंय. म्हशी सोनतळीला न्हेतोय.’’ आणि फोन ठेवला.

त्या वेळी खरी पातळी होती ३९ फूट ६ इंच. पहाटे त्यांच्या गोठ्यात गुडघाभर पाणी होते. म्हशी सोनतळीला सुखरूप होत्या, त्या आबांमुळे. आमच्या पेजमुळे नव्हे. रूममेट मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी कोड उघडला तेव्हा चूक एका ओळीत सापडली. लोडॅश आणि अंडरस्कोर या नावाजलेल्या लायब्रऱ्यांमधले तयार मेमोइझसुद्धा मुळात पहिलेच आर्ग्युमेंट चावी म्हणून धरते. वेगळी चावी हवी असेल तर ती बनवणारे फंक्शन आपण द्यायचे, आणि हे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. मी तर माझे मेमोइझ स्वतःच लिहिले होते, म्हणजे सांगायला तीही सबब नाही. ओळ दुरुस्त व्हायला अर्धा मिनिट लागला. पण मला खटकत राहिली ती दुसरी गोष्ट. हे फंक्शन मेमोइझ करताना ‘किती फास्ट झाले’ हे आम्ही तिघांनी मोजले. ‘हे उत्तर कशावर अवलंबून आहे आणि कधी शिळे होईल’ हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. प्रोजेक्ट बघायला आलेल्यांपैकीही कुणी तो विचारला नाही.

या प्रश्नावर विचार करताना लक्षात आले की आपल्या लोकांना वह्या ठेवायची सवय फार जुनी आहे. पाढे म्हणजे दुसरे काय? सतरा सक किती, हे दर वेळी बेरीज करत बसू नये म्हणून एकदाच घोकून डोक्यात ठेवलेले उत्तर. आपल्या आजोबांच्या पिढीला तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसुद्धा पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! रुपयाचे सोळा आणे असताना बाजारात पाव, पाऊण, सव्वा, दीड यांचे हिशेब तोंडावर लागायचे, म्हणून ही वही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, पुढे मापेही दशमान झाली आणि पावकी हळूहळू शाळेतून गेली. ध्यानात घ्या, पावकी चुकीची ठरली नाही. सात पाव आजही पावणेदोनच. फक्त ते उत्तर मागणारे कमी झाले, म्हणून जागा रिकामी केली. आणि पाढे तीसपर्यंतच पाठ करायचे, हजारापर्यंत नाही, हेही शहाणपणच. डोके काय, मेमरी काय, दोन्हीला मर्यादा आहे.

दुसरी वही पंचांगाची. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिले. ग्रहांची स्थाने काढताना ज्या-चाप, म्हणजे आपले साइन वगैरे, लागूच नयेत अशी सोपी रीत त्यांनी बसवली. पुढे १५२५ मध्ये ‘तिथिचिंतामणी’त त्यांनी तयार सारण्या दिल्या. सारणीतला आकडा उचला, थोडी बेरीज-वजाबाकी करा, वर्षाच्या तिथी तयार. अवघड गणित एकदा करून ठेवायचे आणि मग पिढ्यान् पिढ्या ते वापरायचे. महाराष्ट्रातली पंचांगे शेकडो वर्षे यावर चालली.

पण आकाश काही सारणी बघून चालत नाही. सुरुवातीला न दिसणारा बारीक फरक वर्षानुवर्षे साठत गेला आणि पंचांगातले ग्रह व आकाशातले ग्रह यांचा मेळ बसेना. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली आणि १८६५ च्या सुमारास नवे, वेधांशी जुळणारे पटवर्धनी पंचांग निघाले. लगेच सगळ्यांनी ते डोक्यावर घेतले का? छे! जुने पंचांग खरे की नवे, सण कोणत्या दिवशी, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद चालले. पुढे लोकमान्य टिळकही पंचांगशोधनाच्या बाजूने उभे राहिले. सांगायचा मुद्दा असा की वहीत उत्तर लिहिणे सोपे. लिहिलेले उत्तर खोडायची वेळ आली की माणसे हटून बसतात. गणेश दैवज्ञांचा मात्र यात दोष नाही. त्यांनी आणि त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी स्वतः वेध घेऊन आधीच्या ग्रंथांतली गणिते आपल्या काळाच्या आकाशाशी जुळवून घेतली होती. वही ज्याने केली, त्याने वर आकाशही बघितले होते. नंतरच्यांनी नुसती वही बघितली.

तर मित्रहो, उत्तरे तीन जातींची. पाढ्याचे उत्तर कधीच शिळे होत नाही. पंचांगाचे उत्तर सावकाश शिळे होते. बंधाऱ्याचे उत्तर तासाभरात शिळे होते. आपण जावास्क्रिप्टमध्ये तिन्हींना एकच औषध देतो, हे माझे भांडण.

म्हणून मेमोइझ करण्याआधी पहिली गोष्ट, फंक्शन पाढ्याच्या जातीचे आहे का ते बघा. तेच आर्ग्युमेंट दिल्यावर कधीही, कुठेही तेच उत्तर येणार असेल तरच ते शुद्ध. आतमध्ये घड्याळ बघणारे, रँडम आकडा काढणारे, बाहेरचा व्हेरिएबल किंवा सर्व्हरवरची माहिती वाचणारे फंक्शन शुद्ध नव्हे. तरीही त्याचे उत्तर ठेवायचेच असेल तर शेजारी मुदत लिहा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तशी.

दुसरी गोष्ट चावी. उत्तर ज्यावर ज्यावर अवलंबून आहे ते सगळे चावीत आले पाहिजे. सगळे आर्ग्युमेंट नुसते एकापुढे एक चिकटवून चावी केली तर ‘१’ आणि ‘१२’ची चावी ‘११२’, आणि ‘११’ व ‘२’ची चावीही ‘११२’! साध्या ऑब्जेक्टमध्ये आकडा १ आणि अक्षरातला ‘१’ एकच धरला जातो. २०१५ च्या आवृत्तीपासून आलेल्या मॅपमध्ये ते वेगळे राहतात. मात्र मॅपला चावी म्हणून ऑब्जेक्ट दिला तर तो ओळखीवर चालतो, आतल्या मजकुरावर नाही. तसाच दिसणारा दुसरा ऑब्जेक्ट त्याला परका!

तिसरी, शून्याची. ‘वहीतले उत्तर खरे आहे का’ असे तपासले तर शून्य हे उत्तर जावास्क्रिप्टला खोटे वाटते आणि ते फंक्शन पुन्हा गणिताला बसते. आज पाऊस शून्य मिलिमीटर, हेसुद्धा उत्तरच आहे की! म्हणून ‘चावी वहीत आहे का’ असे विचारावे.

चौथी, उत्तर म्हणून अॅरे किंवा ऑब्जेक्ट देत असाल तर सावधान. वहीतली मूळ वस्तूच समोरच्याच्या हातात जाते. त्याने ती सॉर्ट केली की तुमच्या वहीतले उत्तर बदलले, आणि पुढच्या सगळ्यांना बिघडलेलेच मिळणार.

पाचवी, वही किती जाड होऊ द्यायची ते ठरवा. दर वेळी वेगळेच आर्ग्युमेंट येत असेल तर वही नुसती फुगते, कामाला एकदाही येत नाही. मॅप नोंदींचा क्रम सांभाळतो, त्यामुळे सर्वांत जुनी नोंद काढून टाकणे अवघड नाही. आणि रिकर्शन असेल तर आतून मेमोइझ केलेल्याच फंक्शनला बोलवा. बाहेरून वही जोडून आत जुन्यालाच बोलावत राहिलात तर ते तेहतीस कोटी जागच्या जागी!

सगळ्यात आधी मात्र मोजा. आमच्या पेजचा खरा रोग होता आत आत गेलेले लूप. नंतर शांतपणे बसून ते सरळ केले तेव्हा पेज वहीशिवायही पुरेसे जलद झाले. म्हणजे वहीची गरजच नव्हती! मूळ गणित सुधारायचा कंटाळा आम्ही मेमोइझेशनच्या नावाखाली झाकला होता.

काही मित्र म्हणतात, ‘‘एवढी भीती असेल तर मेमोइझ करूच नये.’’ हेही टोकच झाले. पाढे येत नाहीत म्हणून दर वेळी बोटे मोजणारा इंजिनिअर कुणाला हवाय? लक्षात ठेवावेच. पण काय लक्षात ठेवतोय आणि ते कधीपर्यंत खरे आहे, याचे भान ठेवून.

आपल्या सर-मॅडमना एक विनंती करावीशी वाटते. ओरलला ‘किती सेकंद वाचले’ विचारता, तसेच ‘हे उत्तर कधी खोटे पडेल’ हेही विचारा. दोन मार्क त्याला ठेवा. आम्ही पोरे मार्कांसाठी का होईना, विचार करू! आणि आम्हा पोरांनाही एक सांगतो. सीनियरची जर्नल्स आणि ओरलची पाठ उत्तरे आपण वर्षानुवर्षे खोली बदलताना पुढे देतो. तीही वहीच. सिलॅबस बदलला तरी उत्तरे तीच चाललेली असतात.

ते पेज आम्ही बंद केले नाही. आता पातळीच्या आकड्याखाली तो आकडा किती वाजताचा आहे ते लिहिलेले असते. तीन तासांहून जुना झाला की आकडा लाल होतो आणि खाली ओळ येते : ‘ही माहिती जुनी आहे, खात्री करून घ्या.’ ही ओळ रूममेटने सुचवली. परवा सुट्टीत त्याच्या घरी गेलो होतो. आबांना मोबाईलवर पेज दाखवले. त्यांनी निरखून बघितले, मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘हां, हे बरं केलासा.’’ मग चहा झाल्यावर पायात चपला घातल्या आणि नेहमीसारखे पाणी बघायला नदीकडे गेले.